शर्यत त्यांची, लहरी कोणाच्या?

तलवाड्याहून, त्वरितादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्ही बचत गटाच्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय ऐकून तुम्ही म्हणाल, यांना झालंय तरी काय? विषय आहे शर्यतीचा. मोटारींच्या शर्यतीचा, क्रिकेटचा आणि आपल्या बैलगाड्यांचासुद्धा. पण कोण जिंकलं, कोण हरलं, हे आम्ही सांगणार नाही. शर्यत लोकांना दाखवायचा आणि ऐकवायचा हक्क कोणाचा, आणि तो कसकसा हातोहात फिरला, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे. त्या इतिहासाच्या एका फाट्यावर आपला हा रेडिओ उभा आहे, म्हणून हा विषय आपल्या कामाचा.

बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बंदीच्या आधी शर्यत पाहायची तर धुरळ्यात जाऊन उभं राहावं लागायचं. आता घरात भाकरी थापता थापता पोराच्या मोबाईलवर दिसते. कुणीतरी उंच मचाणावर कॅमेरा लावलेला असतो, कुणीतरी बोलत असतो, मध्येच जाहिरात येते. जाहिरात आली म्हणजे पैसा आला. आणि पैसा आला की प्रश्न येतो, हा पैसा कोणाचा? बैलवाल्याचा, शर्यत भरवणाऱ्या कमिटीचा, कॅमेरेवाल्याचा, की ज्या गावाच्या शिवारात शर्यत झाली त्या गावाचा?

हा प्रश्न जुनाच आहे. फक्त आधी तो विचारायची गरज पडली नव्हती. मुंबईत १९३४ च्या सुमाराला रेडिओवरून क्रिकेटचं धावतं वर्णन सुरू झालं. बॉबी तल्यारखान नावाचे गृहस्थ दिवसभर एकटे माईकसमोर बसून बोलत. पुढे आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठीत समालोचन केलं आणि ज्यांनी कधी मैदान पाहिलं नाही त्या घरांतही खेळ पोचला. त्या काळी खेळ भरवणाऱ्यांना वाटायचं, रेडिओनं आपलं नाव घेतलं हेच पुष्कळ. हक्क विकायचा असतो, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आणि विकायचा तरी कोणाला? १८८५ चा इंग्रजांचा तार कायदा होता. त्या कायद्यानं तारेवरून किंवा हवेतून संदेश धाडायचा अधिकार एकट्या सरकारचा. आधी रेडिओ सरकारचा, मग दूरदर्शनही सरकारचं. गिऱ्हाईक एकच असेल तर बाजार कसा भरणार?

बाजार भरला तो परदेशात, आणि भरवला मोटारींच्या शर्यतीनं. फॉर्म्युला वन नावाची जगातली सगळ्यात महागडी मोटार शर्यत आहे. तिची जागतिक स्पर्धा १९५० पासून चालू आहे. वर्षभरात वेगवेगळ्या देशांत शर्यती होतात, आणि सुरुवातीला प्रत्येक ठिकाणचे आयोजक आपापला सौदा करायचे. टीव्हीवाल्यांना वाटलं तर दाखवायचे, नाही वाटलं तर नाही. बर्नी एक्लस्टन नावाचा इंग्लंडमधला एक माणूस होता. आधी जुन्या गाड्यांचा व्यापार करायचा, मग एका संघाचा मालक झाला. त्यानं ओळखलं की तिकिटापेक्षा मोठा पैसा चित्रात आहे. त्यानं संघांना एकत्र बांधलं, अगदी आपण दहा जणी मिळून घाऊक खरेदी करतो तसं, आणि सगळ्यांच्या वतीनं एकटा बोलायला लागला. १९८१ साली संघ आणि नियामक संघटना यांच्यात करार झाला. पॅरिसच्या ज्या चौकात त्या संघटनेचं कार्यालय आहे त्याच्या नावावरून त्याला कॉन्कॉर्ड करार म्हणतात. शर्यती टीव्हीवर दाखवायचे हक्क एका हाती आले ते तेव्हापासून. पुढे २००१ मध्ये तर नियामक संघटनेनं या खेळाचे व्यापारी हक्क एक्लस्टन यांच्या कंपनीला तब्बल शंभर वर्षांसाठी देऊन टाकले. शंभर वर्षं! आपल्याकडं शेत बटईनं देतानासुद्धा माणूस वर्षा-दोन वर्षांचं बोलतो.

हक्क असा विकला गेला की पत्रकाराचं काय होतं तेही ऐका. त्या शर्यतीला जायचं तर पत्रकाराला आधी पास काढावा लागतो. लिहिणाऱ्या पत्रकाराच्या पासवर आत जाता येतं, विचारता येतं, लिहिता येतं. पण हलतं चित्र घ्यायचं नाही, कारण ते आधीच विकलेलं आहे. बरीच वर्षं तर खुद्द गाडी चालवणाऱ्यांना आणि त्यांच्या संघांनाही आतलं छोटं चित्रण आपल्या मोबाईलवरून लोकांना दाखवायची मोकळीक नव्हती. २०१७ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीनं हा सगळा धंदा विकत घेतला, तेव्हा कुठं ती बंधनं सैल झाली. स्वतःची गाडी, स्वतःचा घाम, पण दाखवायला परवानगी दुसऱ्याची.

आता आपल्या देशात येऊ. १९९३ चा नोव्हेंबर महिना. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हिरो कप नावाची स्पर्धा भरवली. तिचं चित्र दाखवायचं तर दूरदर्शन किती देणार, यावर बोलणी फिसकटली. संघटनेनं परदेशी टीव्ही कंपनीशी करार केला. सरकारला राग आला. आमच्या परवानगीशिवाय आकाशात चित्र पाठवता कसं, १८८५ चा कायदा आहे ना! मुंबईच्या कस्टम खात्यानं त्या कंपनीचं सामान अडकवून ठेवलं. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेलं, तिथून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात. स्पर्धा तर सुरू झालेली. शेवटी न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशावर चित्रण झालं. म्हणून तर ईडन गार्डनवरची ती उपांत्य फेरी देशानं पाहिली. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. चेंडू सचिन तेंडुलकरच्या हातात दिला. त्यानं तीनच धावा दिल्या आणि भारत दोन धावांनी जिंकला. ते षटक लोकांना आजही आठवतं. पण त्याच वेळी न्यायालयात जी शर्यत चालू होती, ती फारशी कुणाच्या लक्षात नाही.

त्या शर्यतीचा निकाल लागला ९ फेब्रुवारी १९९५ ला. तीन न्यायमूर्ती होते. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. आपल्या महाराष्ट्राचा माणूस, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेला, आणि पुढे प्रेस कौन्सिलचा अध्यक्ष झालेला. निकालातली मुख्य गोष्ट आपल्या भाषेत सांगायची तर अशी. रेडिओ आणि टीव्ही ज्या लहरींवरून चालतात, त्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. गावचं गायरान जसं कुणा एकाचं नसतं, तसं. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, आणि ज्याच्याकडं पैसा जास्त त्याचीही नाही. राज्यघटनेच्या कलम १९ नं बोलण्याचं जे स्वातंत्र्य दिलंय, त्यात माहिती मिळवण्याचा आणि माहिती देण्याचा हक्क दोन्ही येतात. स्पर्धा भरवणाऱ्यानं आपल्या स्पर्धेचं प्रक्षेपण कोणी करावं हे ठरवावं, पण लहरी कमी आणि मागणारे फार, म्हणून त्यांचा वापर लोकहितासाठी नियमानं चालावा. आणि हे नियमन सरकारच्या मुठीत न ठेवता समाजातल्या सगळ्या थरांचं प्रतिनिधित्व असलेल्या स्वायत्त मंडळाकडं द्यावं.

बघा मैत्रिणींनो, भांडण होतं क्रिकेटच्या पैशाचं. दोन मोठे एकमेकांशी भांडत होते. पण निकाल देताना न्यायालयानं तिसऱ्याचा हक्क सांगितला. तो तिसरा म्हणजे ऐकणारा-पाहणारा. म्हणजे आपण.

पुढचा टप्पा २००७ चा. तोवर खासगी वाहिन्या आल्या होत्या आणि क्रिकेटचे हक्क कोट्यवधींना जात होते. त्या जानेवारीत वेस्ट इंडीजचा संघ आला होता. हक्क निंबस या कंपनीकडं. केबल नसलेल्या घरांना सामना दिसावा म्हणून दूरदर्शननं चित्र मागितलं, कंपनी देईना. न्यायालयात तोड निघाली ती सात मिनिटं उशिरा दाखवण्याची. म्हणजे शहरातला माणूस ‘आउट’ म्हणून ओरडून चहा पिऊन आला की मग खेड्यातल्या माणसाला कळणार! फेब्रुवारीत सरकारनं वटहुकूम काढला आणि त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या खेळांचं थेट चित्र खासगी वाहिनीनं प्रसार भारतीला, स्वतःच्या जाहिराती काढून, त्याच वेळी द्यायचं. जाहिरातीच्या उत्पन्नात टीव्हीवर शंभरातले किमान पंचाहत्तर रुपये हक्कवाल्या कंपनीला आणि पंचवीस प्रसार भारतीला. रेडिओवर निम्मे-निम्मे. हक्क विकत घेतलेल्याचं नुकसान नको आणि गरिबाचं दारही बंद नको, असा तो तोडगा.

मग ती मोटारींची शर्यतही आपल्या देशात आली. ३० ऑक्टोबर २०११ ला उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली भारतीय ग्रां प्री झाली. तीन वर्षं चालली आणि बंद पडली. हा खेळ की करमणूक, यावरून करांचे वाद झाले. त्यातल्या आयकराच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये दिला, आणि तो वाचण्यासारखा आहे. परदेशी कंपनी म्हणत होती, आमचं भारतात काहीच नाही, मैदान तर इथल्या कंपनीचं, मग आम्ही इथं कर का भरावा? न्यायालयानं करारांचे कागद उलगडून पाहिले. जमीन इथल्या कंपनीची, सर्किट इथल्या कंपनीनं बांधलेलं, शर्यत भरवायचा मान मिळावा म्हणून वर ४ कोटी डॉलरची फी तिनंच द्यायची. आणि प्रक्षेपणाचे, प्रायोजकांचे, मोठ्या कमाईचे हक्क मात्र त्या परदेशी कंपनीच्या गोतावळ्याकडं. शर्यतीच्या दिवसांत ते सर्किट खऱ्या अर्थानं त्यांच्याच ताब्यात होतं. म्हणून न्यायालय म्हणालं, इथं तुमचं ठाणं आहे, कर भरा.

आपल्यासारख्यांनी यातून एक गोष्ट गाठीला बांधावी. मैदान आपलं, माणसं आपली, खर्च आपला, एवढ्यानं गोष्ट आपली होत नाही. कागदावर काय लिहिलंय त्यावर ठरतं. आज तीच शर्यत आपल्या देशात पाहायची तर पैसे भरून मोबाईलच्या ॲपवर पाहावी लागते. टीव्हीवाल्या कंपनीचा करार २०२२ नंतर संपला, आणि पडद्यावरून ती शर्यत गेलीच.

आता आपल्या रेडिओकडं वळू. १९९५ च्या निकालानं लहरी लोकांच्या ठरल्या, पण लोकांच्या हातात माईक लगेच आला नाही. डिसेंबर २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना रेडिओ केंद्र काढायला परवानगी मिळाली. बाकीच्यांनी थांबायचं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर झहीराबाद लागतं. त्याच्याजवळच्या माचनूर गावात दलित बायकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीलाच स्टुडिओ उभा केला होता. बी-बियाणं, औषधी पाला, गाणी, सगळं टेपवर घेऊन ठेवत होत्या. परवाना नव्हता. म्हणून त्या टेपा घेऊन गावोगावच्या संघमच्या बैठकीत लावायच्या. जवळजवळ दहा वर्षं त्या बाया बोलत राहिल्या, हवेत आवाज न सोडता. नोव्हेंबर २००६ मध्ये धोरण बदललं, किमान तीन वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत संस्थांना अर्ज करता येऊ लागला, आणि १५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ हवेत गेला. त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. माण तालुका आपल्यासारखाच कोरडा. तिथल्या बायांनी आधी स्वतःची बँक काढली होती, मग रेडिओ काढला.

या केंद्रांना मर्यादा आहेत, त्याही सांगतो. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच जातो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा आपल्या बोलीत करून लावता येतात. मोठ्या सामन्यांचं थेट समालोचन करता येत नाही, तो हक्क विकत घेतलेल्याचा. पण गावच्या कुस्तीचं, गावच्या शर्यतीचं बोलता येतं. आणि निम्मा तरी कार्यक्रम इथल्याच लोकांनी इथंच केलेला असावा लागतो. २०२४ मध्ये नियम सुधारले, त्यात केंद्राच्या सल्लागार समितीत निम्म्या तरी बाया हव्यात असंही आलं. म्हणजे कुणी म्हणालं, “ताई, तुमचं कशाला, गडीमाणसं बघून घेतील,” तर आपण नियम पुढं करायचा.

हे सगळं आम्हाला का सांगावंसं वाटलं? आमच्या गटातल्या एकीनं हळदीच्या कार्यक्रमात ओव्या म्हटल्या. ओव्या तिच्या आजीच्या, गळा तिचा. कुणीतरी चित्रण केलं आणि एका चॅनेलवर चढवलं. पुष्कळ लोकांनी पाहिलं. पुढं तिच्या लेकीनं आईचं तेच गाणं आपल्या मोबाईलवरून टाकलं, तर त्यावर हक्काचा दावा आला आणि ते काढलं गेलं. बिचारी विचारत होती, “मी माझंच चोरलं का गं?”

नाही. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यात सादर करणाऱ्याचा हक्क म्हणून वेगळी तरतूद आहे. सादर करणारा म्हणजे कोण, याची यादीच दिलीय. नट, गायक, वादक, नाचणारा, कसरत करणारा, हातचलाखी करणारा, गारुडी, इतकंच काय, व्याख्यान देणारासुद्धा. त्याच्या संमतीशिवाय त्याचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रण करून लोकांत पसरवता येत नाही. हा हक्क पन्नास वर्षं राहतो. म्हणजे ओव्या म्हणणारी आमची मैत्रीण त्या यादीत बसते, आणि इथं बोलणाऱ्या आम्हीसुद्धा. मात्र एकदा लेखी संमती दिली की हक्काचं पारडं फिरतं, हे ध्यानात ठेवा. त्याच कायद्यात वाहिनीचाही हक्क आहे, तिचं प्रक्षेपण उचलून आपण विकू शकत नाही. पण चालू घटनेची माहिती देताना किंवा शिकवताना त्यातला छोटा तुकडा वापरायला मोकळीक आहे.

तेव्हा येत्या जत्रेत, मेळाव्यात किंवा महिला दिनाच्या धावण्याच्या शर्यतीत कुणी कॅमेरा घेऊन आलं तर त्याला हाकलू नका. आपलं काम चार लोकांनी पाहावं हे चांगलंच. पण चार गोष्टी विचारा. हे कुठं दाखवणार? किती दिवस तुमच्याकडं राहणार? आम्हाला एक प्रत देणार का, आणि ती आम्हाला वापरता येईल का? दुसऱ्या कुणाला चित्रण करायला तुमची मनाई आहे का? जे ठरेल ते कागदावर घ्या आणि गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. सही करायला सांगितली तर कागद घरी आणा, गटात वाचा, मग सही करा. कर्जाच्या कागदावर आपण आता डोळे झाकून अंगठा देत नाही, मग इथं का द्यायचा?

आणखी एक. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४ मध्ये मोटार शर्यतीचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. पुरुषांबरोबर एकाच ट्रॅकवर गाडी चालवून. दोन लेकरांची आई, शिक्षिका. बैठकीत आम्ही विचारलं तर एकीलाही हे नाव माहीत नव्हतं. आयपीएलमधल्या पोरांची नावं मात्र सगळ्यांना पाठ. ज्याचं चित्र विकलं जातं त्याचं नाव कानावर पडतं, बाकीच्यांचं राहून जातं. ते नाव आज या लहरींवरून आम्ही घेतलं, कारण लहरी आपल्या आहेत.

तुमच्या गावात कुणी बाई धावते, ट्रॅक्टर चालवते, पोहते, कुस्ती खेळते, तर तिचं नाव या केंद्राला कळवा. तिला आधी विचारा, मग कळवा. पुढच्या वेळी तिच्याच आवाजात ऐकू.